चित्रात दिसतं ते काय? एमआरआय आणि स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक अवस्था



संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. 'एमआरआयमुळे स्तनाच्या कर्करोगाचं प्राथमिक अवस्थेतलं जीवशास्त्र समजतं का?' अहो, आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. नावामागे डॉक्टर आहे, पण ते गोळी देणारे डॉक्टर नव्हे. तेव्हा संयोजक म्हणाले, "सर, गोळी नकोच आहे. त्या फोटोवर विश्वास किती ठेवायचा, एवढंच सांगा." हा प्रश्न मात्र आमच्या धंद्यातला निघाला. आमच्या शास्त्रात त्याला प्रमाणविचार म्हणतात. साध्या भाषेत, 'हे कशावरून?' असं विचारणं. म्हणून आलो.

आणखी एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. कासुर्डी आमचं गाव. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वहिनींना छातीत गाठ लागली. त्यांनी ती अकरा महिने कुणाला सांगितली नाही. सांगितली तेव्हा वरची कातडी आत ओढली गेली होती, काखेतही गाठी आल्या होत्या. उपचार झाले, अडीच वर्षांनी त्या गेल्या. आम्ही त्यांना विचारलं होतं, "वहिनी, आधी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुखत न्हवतं. मग काय म्हणून सांगायचं?" त्या अकरा महिन्यांत आम्ही दिवाळीला गावी आलो होतो, जत्रेलाही आलो होतो. अनुमान म्हणजे काय, हे तीस वर्षं मुलांना शिकवलं. पण 'दुखत नाही म्हणजे रोग नाही' हे अनुमान आमच्याच घरात चुकत होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आजच्या भाषणात हे वाक्य पुन्हा येईल.

आता यंत्राकडे वळू.

आपल्या जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, खोडदला मोठी दुर्बीण आहे. जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. बऱ्याच जणांनी सहलीत पाहिली असेल. ती दुर्बीण प्रकाश पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. त्यात हायड्रोजनच्या लहरीही असतात. एमआरआयसुद्धा हायड्रोजनच ऐकतो, फक्त तो आपल्या अंगातल्या पाण्याचा आणि चरबीचा हायड्रोजन असतो. प्रकार वेगळा आहे, पण भाऊबंदकी आहे. दवाखान्यातला नेहमीचा दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा तीस हजार पटींहून जास्त जोरकस असतो. त्यात हायड्रोजनचे अणुकेंद्र भोवऱ्यासारखे डोलतात. त्यांना ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरीचा धक्का दिला की ते उत्तरादाखल तशीच लहर परत देतात. कुठल्या भागातून कशी लहर आली आणि ती किती वेळात विरली, याचा हिशोब संगणक करतो आणि त्या हिशोबाचं काळं-पांढरं चित्र काढतो.

हे नीट ध्यानात घ्या. आपण त्याला फोटो म्हणतो, पण आतला देह कुणी पाहिलेला नाही. पाण्याला एक प्रश्न विचारला गेला आणि पाण्यानं त्याचं उत्तर दिलं. प्रश्न बदलला की चित्रही बदलतं.

१९७१ साली रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या ऊतींवर दाखवलं की गाठीतलं पाणी आणि निरोगी भागातलं पाणी यांची उत्तरं वेगवेगळी येतात. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी त्या उत्तरांचं चित्र करण्याची रीत दिली. पुढे पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. या दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. डमाडियन राहिले आणि त्यांनी वर्तमानपत्रांत मोठाल्या जाहिराती देऊन तक्रार केली. तो वाद आज बाजूला ठेवू.

स्तनाच्या एमआरआयमध्ये बाईला पालथं झोपवतात आणि हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. औषधाआधी एक चित्र, मग दर एक-दोन मिनिटांनी पुढची. असं कशासाठी? गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला रक्त लागतं. जूडा फोकमन यांनी १९७१ मध्येच हा विचार मांडला होता की गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फोडून घेते. या वाहिन्या घाईच्या असतात. आपल्याकडं कुणी एका रात्रीत पाइपलाइन टाकली की जोडाजोडातून पाणी गळतं, तशा त्या गळतात. म्हणून औषध तिथे पटकन भरतं आणि बरेचदा पटकन ओसरतं. साध्या गाठीत ते सावकाश भरत राहतं. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की कुठलं रान पाणी धरतं आणि कुठल्या रानातून ते निसटतं, हे तुम्ही बांधावर उभं राहून सांगता. डॉक्टर या चित्रांच्या मालिकेत तेच पाहतात.

दुसरा प्रश्न पाण्याच्या हालचालीचा. मोकळ्या जागेत पाण्याचे रेणू इकडून तिकडे फिरतात. पेशींची दाटी झाली की, जत्रेच्या गर्दीत माणूस अडकावा तसे, जागच्या जागी राहतात. तीही नोंद एमआरआय करतो, आणि तिला औषध टोचावं लागत नाही.

म्हणजे मॅमोग्राफी आणि एमआरआय यांत फरक काय झाला? मॅमोग्राफी आकार पाहते, घट्टपणा पाहते, कॅल्शियमचे कण पाहते. ते कण म्हणजे बरेचदा मेलेल्या पेशींचा गाळ. एमआरआय रक्ताची ओढ पाहतो, पेशींची दाटी पाहतो. गाठ आत्ता काय करते आहे, याचा काही अंदाज देतो. 'जीवशास्त्र समजतं' हा दावा यातून निघाला. आता त्या दाव्याची समीक्षा करू, आणि जुन्या पद्धतीनंच करू: आधी पूर्वपक्ष, तोही कमकुवत करून नव्हे, पुऱ्या ताकदीनं मांडायचा.

पूर्वपक्ष असा. दूधनलिकेच्या आतच असलेला, भिंत ओलांडून बाहेर न पडलेला एक प्रकार असतो. डॉक्टर त्याला डीसीआयएस म्हणतात. अगदी सुरुवातीची पायरी. वर्षानुवर्षं समज असा होता की ही पायरी मॅमोग्राफीलाच दिसते. जर्मनीत बॉन विद्यापीठात क्रिस्टियाने कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांत ७,३१९ स्त्रिया तपासल्या आणि २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष दिले. दोन्ही तपासण्या झालेल्या १६७ स्त्रियांत शुद्ध डीसीआयएस निघाला. मॅमोग्राफीनं त्यातल्या ५६ टक्के ओळखल्या, एमआरआयनं ९२ टक्के. त्यातल्या ८९ जणींचा प्रकार उग्र होता; त्यापैकी ४३ जणींचा रोग मॅमोग्राफीला दिसलाच नाही, तो एमआरआयनंच सापडला. म्हणजे जो पुढे उच्छाद मांडण्याची शक्यता जास्त, तोच एमआरआयला जास्त दिसतो. कारण उघड आहे, उग्र रोगाला रक्त जास्त लागतं.

दुसरा पुरावा नेदरलँड्सचा. ज्यांचे स्तन फार घट्ट ऊतींचे असतात त्यांच्या मॅमोग्राफीत गाठ लपून जाते. अशा ४० हजारांवर स्त्रियांच्या 'डेन्स' नावाच्या चाचणीत काही जणींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून एमआरआयला बोलावलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उपटणारे कर्करोग न बोलावलेल्यांत हजारी ५, बोलावलेल्यांत हजारी २.५. आणि ज्यांनी एमआरआय खरोखर करून घेतला त्यांच्यात हजारी ०.८. हे २०१९ चं. याला आम्ही भक्कम पुरावा म्हणतो.

आता उत्तरपक्ष.

न्यायशास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात, अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त, डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं अग्नी आहे हे अनुमान शिकवतात. ते बरोबर, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. पण उलटं करून पाहा: अग्नी आहे म्हणून धूर आहे. हे चुकलं. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला गोळा आठवा, अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला आमच्याकडे 'उपाधी' म्हणतात: अनुमानात न सांगितलेली, पण जिच्यावर सगळं उभं आहे अशी अट.

'चित्रात चमक दिसली म्हणून कर्करोग आहे' हे अनुमान या दुसऱ्या जातीचं आहे. तरुणपणी होणाऱ्या साध्या गाठी चमकतात. अंगावर दूध पाजणाऱ्या आईचे स्तन चमकतात. पाळीच्या तारखेप्रमाणे चमक कमीजास्त होते. म्हणून पाळी येणाऱ्या बाईची ही तपासणी शक्यतो पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात करतात. उलट बाजूनं, मंद प्रकारचा डीसीआयएस कधी कधी चमकतच नाही. म्हणजे 'चमक नाही म्हणून रोग नाही' हेही पक्कं नाही. चांगला रेडिओलॉजिस्ट हे सगळं जाणतो. तो आकार, कडा, औषध ओसरण्याची तऱ्हा, पाण्याची दाटी, बाईचं वय, सगळं एकत्र धरतो आणि तरीही शेवटी सुईनं तुकडा काढून तपासायला सांगतो. त्याचं चुकत नाही. चूक आपली होते, कारण आपण त्याचं अनुमान प्रत्यक्ष म्हणून वाचतो. 'फोटोत आलंय' असं म्हणतो.

याची किंमत असते. डेन्स चाचणीच्या पहिल्या फेरीत हजार एमआरआयमागे साधारण ८० स्त्रियांना पुढच्या तपासण्यांना बोलावावं लागलं आणि त्यांना कर्करोग नव्हता. ऐंशी हा आकडा ऐकायला सोपा आहे. त्यातली एक आमच्या घरची असती तर? आमच्या सौ. समोरच बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. सहा वर्षांपूर्वी त्यांना डाव्या बाजूला लहान गाठ निघाली. वेळेवर, कारण वहिनींचं पाहिल्यानंतर आमच्या घरात कुणी लपवत नाही. शस्त्रक्रियेआधी एमआरआय झाला. अहवालात उजव्या बाजूलाही एक 'संशयास्पद' ठिपका. पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा सुई, पुन्हा अहवालाची वाट. तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे आम्ही दोघांनी एकमेकांशी धड बोलून काढले नाहीत. ठिपका साधा निघाला. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया ठरली होती तशीच झाली.

हा एका घरचा अनुभव, त्यावरून सिद्धान्त काढू नये. आम्हीच तो काढला तर आमचे विद्यार्थी हसतील. पण याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये 'कॉमिस' नावाची चाचणी झाली होती. ४५ केंद्रं, १,६२३ स्त्रिया. अर्ध्यांचा शस्त्रक्रियेआधी एमआरआय केला, अर्ध्यांचा नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे १९ टक्के. चित्र जास्त स्पष्ट मिळालं, पण त्यानं या बाबतीत फरक पडला नाही. जास्त दिसणं आणि जास्त बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीतून आपोआप निघत नाही. डेन्स चाचणीनंही मधले कर्करोग घटले हे दाखवलं; त्यामुळे मरण किती टळलं, हे मोजायला आणखी पुष्कळ वर्षं जावी लागतात.

मग एमआरआयचं खरं सामर्थ्य कुठे आहे? आमच्या मते ते शोधण्यापेक्षा लक्ष ठेवण्यात जास्त आहे. जीव ही चालू असलेली गोष्ट आहे. एक चित्र म्हणजे तिचा एक क्षण. त्याच बाईची चार चित्रं चार वेळी घेतली तर क्रम दिसतो. शस्त्रक्रियेआधी किमो देतात तेव्हा गाठ आतून आटते आहे की नाही, हे एमआरआय हातानं चाचपण्यापेक्षा चांगलं सांगतो. अमेरिकेत 'आय-स्पाय' या अभ्यासमालेत हे पद्धतशीर दाखवलं गेलं. औषध लागू पडत नसेल तर ते लवकर कळणं, ही जीवशास्त्राची समज बाईच्या कामाची आहे.

आणि डीसीआयएसचं काय? सगळ्यांचाच रोग पुढे पसरत नाही. कुणाचा पसरेल ते आज खात्रीनं कळत नाही, म्हणून जवळपास सगळ्यांनाच कापलं जातं. अमेरिकेतल्या 'कॉमेट' चाचणीचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. कमी धोक्याचा डीसीआयएस असलेल्या ९५७ स्त्रिया. काहींना नेहमीची शस्त्रक्रिया, काहींवर फक्त बारकाईनं नजर. दोन वर्षांत बाहेर पसरलेला कर्करोग पहिल्या गटात ५.९ टक्के, दुसऱ्यात ४.२. म्हणजे थांबून पाहणाऱ्यांचं नुकसान झालं नाही. दोन वर्षं हा या रोगाच्या मानानं थोडा काळ, त्यामुळे उड्या मारायचं कारण नाही. पण कोणाला थांबता येईल हे ठरवायला गाठीची चाल ओळखणारं साधन हवं, आणि तिथं एमआरआयकडून आशा ठेवायला जागा आहे. आम्ही तिला आशाच म्हणतो, सिद्धान्त म्हणत नाही.

आता मंडळी, एक शब्द तपासायचा राहिला: 'प्राथमिक अवस्था'. जीवशास्त्रात प्राथमिक म्हणजे नलिकेच्या भिंतीच्या आत, किंवा गाठ लहान, काखेत गेलेली नाही. पण वहिनींच्या बाबतीत प्राथमिक अवस्था कुठली होती? अकरा महिन्यांपूर्वीची, न्हाणीघरात हाताला लागलेली ती सुपारीएवढी गाठ. ती अवस्था होती. फक्त ती कुणापर्यंत पोचली नाही. एमआरआय कितीही तेज असला तरी तो खोलीत आलेल्या बाईलाच पाहतो.

याच ठिकाणी मुंबईतलं एक काम सांगायलाच हवं. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन चाचणी सुरू केली. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकारी. यंत्र कुठलंही नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासायच्या, अशा चार फेऱ्या. दुसऱ्या गटात फक्त माहिती. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष दिले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेला रोग दुसऱ्या गटात ४७ टक्के, हात लावून तपासलेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की सगळ्या वयांचा एकत्र हिशोब केला तर १५ टक्के घट दिसते आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरत नाही. पन्नाशीच्या आतल्यांत तर मृत्यूंत फरक सिद्ध झाला नाही. या हातांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ९८ हजार त्यानं दगावतात. अशा देशात शिकवलेल्या हातानं एवढं साधलं, हे लहान नाही.

इथून जवळ केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी सांगितलं होतं की बायकांसाठी बाई डॉक्टर तयार करा, कारण त्या आपलं दुखणं पुरुषाला सांगत नाहीत. तेव्हा चुंबकही नव्हता आणि क्ष-किरणही नव्हते. वहिनी घरातल्या कुठल्या पुरुषाला सांगणार होत्या? आमच्या भावाला? आम्हाला? आम्ही कधी कानावर येऊ दिलं होतं का, की असलं काही असेल तर सांगा?

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. गाठीची जात आणि चाल काय, हा एमआरआयचा प्रश्न. त्याचं उत्तर तो पुष्कळ चांगलं देतो, आणि दिवसेंदिवस जास्त चांगलं देईल. पण त्याआधीचा प्रश्न, गाठ आहे का आणि ती कुणाला सांगितली का, हा आपल्या घराचा आहे. पहिला सुटला नाही तर दुसऱ्याचं उत्तर फार उशिरा मिळतं. 'दुखत नाही म्हणून रोग नाही' हे वाक्य खोडून काढायला चुंबक लागत नाही. या रोगाची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, हे ठाऊक असलं की पुरे. आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही सांगा, म्हणजे बाई घाबरून लपवणार नाही.

(भाषणानंतर श्रोत्यांतून एका भगिनीनं विचारलं, "सर, मग एमआरआय सांगितला तर करायचा का नाही?")

ताई, बरं झालं विचारलंत. डॉक्टरांनी सांगितला तर टाळू नका. ज्यांच्या आई-बहिणींना कमी वयात हा रोग झाला, ज्यांच्या रक्तात तसा दोष आढळला, त्यांना त्याचा खरा उपयोग होतो. गाठ लागलेल्या प्रत्येकीला तो लागतोच असं मात्र नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुई यांवर बऱ्याच जणींचं निदान होतं. फक्त तीन गोष्टी विचारा. एक, या चित्रात नक्की काय दिसलं? दोन, त्यावरून तुम्ही काय अंदाज केला आणि तो पक्का कशानं होईल? तीन, उत्तर हो आलं किंवा नाही आलं, तर माझ्या उपचारात काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर तपासणी कशासाठी, हेही अदबीनं विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

उशीर झाला आहे, आटोपतो. एक विनंती. पुरुष मंडळींनी आता चहा घेऊन बाहेर पारावर बसावं, आम्हीही तिकडंच येतो. आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या सिस्टर शाळेच्या मागच्या वर्गात थांबणार आहेत. ज्या भगिनींना काही दाखवायचं, विचारायचं असेल त्यांनी तिथे जावं. काही नसलं तरी सगळ्याच जा, म्हणजे कोण कशासाठी गेली हे कुणाला कळणार नाही.